कर्नल वॉकरचे वंशज

"वॉकरांची मुलगी धोब्याच्या घरात जात नसते," काका म्हणाले आणि स्टुलावर चढून दारावरची ढाल पुसायला लागले.

सलोमीताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. "काका, आपण ख्रिस्ती आहोत. आपल्यात जात नसते, असं संडे स्कूलमध्ये तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"नसतेच. मी कुठं असते म्हणतो? पण धोबी असतात ना?"

यावर माणसाने काय बोलावं? मी मात्र खुदकन हसले आणि काकांनी स्टुलावरूनच माझ्याकडे डोळे वटारले. आमचे वडील लवकर गेले, तेव्हापासून आम्हा दोघी बहिणींना काका-काकूंनीच वाढवलं होतं. त्यामुळे काकांवर उघड हसायची चोरी होती.

ती ढाल पत्र्याची होती. इंग्रज घराण्यांची अशी ढाल असते हे काकांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं आणि गावातल्या पेंटरकडून एक रंगवून आणली. दोन बाजूंना दोन सिंह, मधे तलवार, खाली इंग्रजीत आमचं आडनाव. पेंटरचा आयुष्यभराचा सराव देवीच्या वाघांचा. हात वळणावर गेला आणि दोन्ही सिंहांच्या अंगावर पट्टे उमटले. काकांनी वरून पिवळा रंग मारून घेतला, पण ऊन पडलं की पट्टे पुन्हा दिसायचे.

काकांच्या म्हणण्याप्रमाणे कर्नल वॉकर नावाचा एक अधिकारी पलटणीबरोबर नगरकडे आला, त्याने इथल्या एका बाईशी रीतसर लग्न केलं आणि आम्ही त्याचा वंश. 'रीतसर' या शब्दावर काकांचा फार जोर असे. पुरावा म्हणून ते स्वतःचं नाक दाखवत. ते मिशन शाळेत ड्रिल मास्तर होते. 'अटेन्शन', 'राइट टर्न' आणि 'डिसमिस' एवढ्यावर कर्नलच्या नातवाचं इंग्रजी संपायचं. गावातली पोरं त्यांना मागून 'जॉनी' म्हणायची. बाटलीवरचा तेवढाच वॉकर त्यांना माहीत होता.

खरी गोष्ट आमच्या मिशन कंपाउंडात सगळ्यांना ठाऊक होती. काकांच्या आजोबांच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला. आईबाप मेलेली, रस्त्यात टाकलेली पोरं मिशनने उचलून आणली. त्यांना पोसायला विलायतेतली माणसं पैसे पाठवायची आणि जो ज्या पोराचा खर्च उचलेल त्याचं आडनाव त्या पोराला लावायचे. असे आमच्याकडे थॉमसन होते, बेनेट होते आणि आम्ही होतो. तिकडच्या कुणा वॉकरने आपली वर्गणी भरली आणि इकडे एका उपाशी पोराचा वॉकर झाला. थॉमसन आणि बेनेट हे चहा पिता पिता सांगायचे. आमच्या घरात मात्र त्या पोराच्या जागी कर्नल येऊन बसला होता आणि काही केल्या उठत नव्हता.

त्या कर्नलमुळेच ताईचं लग्न अडलं होतं.

ताई मिशनच्या बालवाडीत शिकवायची. गायन मंडळात तिच्या मागच्या ओळीत नाथा उभा राहायचा. नथानिएल त्याचं नाव, शमुवेल लाँड्रीवाल्याचा थोरला मुलगा. बी.कॉम. झालेला, आवाजाने गोड, इस्त्रीच्या शर्टात नेहमी कडक. दोन नाताळ त्याने तिच्या खांद्यावरून बघत तिच्याच वहीतून गाणी म्हटली आणि दोघांनी तिसऱ्या नाताळाआधी लग्न करायचं ठरवलं. शमुवेल एका पायावर तयार. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत दोघांची नावं पुकारतात, हरकत असेल त्याने उठून सांगावं म्हणून. नावं पुकारायची तर मुलीच्या वडीलधाऱ्याची संमती लागते. ती मागायला आमचे पाळक अमोलिकसाहेब त्या दिवशी आमच्याकडे आले होते आणि मघापासून खुर्चीत बसून काकांची ढाल पुसून होण्याची वाट बघत होते.

"मग मास्तर, काय सांगू मुलाकडच्यांना?" त्यांनी विचारलं.

काका स्टुलावरून उतरले. "पाळकसाहेब, येत्या रविवारी आपल्याकडे विलायतेहून साहेब येतोय. डेरेक वॉकर. जगभरातल्या वॉकरांची एक संस्था आहे तिकडे, तिचा सेक्रेटरी. मी पत्र घातलं होतं. तो मुद्दाम वाट वाकडी करून येतोय. तुम्ही जेवायला या, चर्चच्या पंचांनाही घेऊन या. आम्ही कोण ते साहेबाच्या तोंडून ऐका. मग तुम्हीच म्हणाल, वॉकर मास्तर, ही सोयरीक तुम्हाला शोभत नाही."

"आणि त्यांनी दुसरंच काही सांगितलं तर?" ताईने विचारलं.

"दुसरं काय सांगणार?"

"सांगितलं तर?"

काका छाती काढून उभे राहिले, कवायतीला राहायचे तसे. "तर मी स्वतः लाँड्रीत जाऊन शमुवेलपुढे हात जोडीन. माझी पुतणी पदरात घ्या म्हणीन. पाळकसाहेबांच्या देखत बोलतोय."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. ज्या घरातून लवकर निघायचं असेल तिथे ते कशालाही आमेन म्हणत.

रविवारी उपासना सुटल्यावर सगळे आमच्याकडे जमले. पाळकसाहेब, पंचांपैकी म्हातारे बेनेटकाका आणि आणखी दोघं. काकूने मटण केलं होतं आणि काकांच्या हट्टाखातर कस्टर्ड. साहेबाचं बोलणं मराठीत सांगायला मला बसवलं होतं, कारण मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. काकांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "शोभेल तेवढंच सांगायचं."

काकांनी कर्नलसारखा माणूस येईल असं धरलं होतं. आला तो एक उंच, किडकिडीत, उन्हाने नाक सोललेला म्हातारा. खांद्याला कापडी पिशवी, पायात जाड बूट. हात जोडून "नमस्ते" म्हणाला आणि काकूच्या हातचं पाणी घटाघटा प्यायला. पाळकसाहेबांनी तो काय करायचा ते विचारलं. मी विचारून सांगितलं, "घरोघरी जाऊन गॅसचे मीटर वाचायचे. आता रिटायर झालेत."

"इंजिनीअर म्हण," काका दातांतल्या दातांत म्हणाले.

"मीटर वाचायचे," मी पुन्हा सांगितलं. तरुणपणी अशा गोष्टींनी फार बरं वाटतं. अजूनही वाटतं.

साहेबाने ढाल पाहिली आणि तो मोकळेपणाने हसला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, वाघ फार छान आलेत. दुसरी, ढाल एखाद्या माणसाला मिळते, आख्ख्या आडनावाला नाही. बाजारात दुकानदार कुणालाही ढाल विकतात आणि लोक घेतात. मी दोन्ही सांगितल्या. बेनेटकाकांना अचानक खोकला आला.

जेवण झालं. काका उठले, कोटाची बटणं लावली आणि मला म्हणाले, "आता विचार त्यांना. म्हणावं, आपल्या वॉकर घराण्याचा मूळ पुरुष कोण, त्याचा पराक्रम काय, हे या मंडळींना सांगा."

मी विचारलं. साहेबाचा चेहरा खुलला. जन्मभर कुणीतरी हे विचारावं म्हणून तो थांबला असावा. त्याने खाली बसून बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि मला विचारलं, कपडे धुवायचं एखादं मोठं भांडं मिळेल का? आणि लोकरीचं काही?

काकू गोंधळून न्हाणीतलं घंगाळ घेऊन आली. ताईने घोंगडी आणली. साहेबाने घोंगडी घंगाळात घातली, वरून पाणी ओतलं, पाळकसाहेबांच्या खांद्याचा आधार घेतला आणि आत उतरून थपाथप तुडवायला लागला. पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं. पंच खुर्च्या मागे घेऊ लागले.

"हा आपला मूळ पुरुष," तो तुडवता तुडवता म्हणाला आणि मी सांगत गेले. "आमच्या उत्तरेकडे लोकरीचं कापड विणून झालं की विरळ आणि तेलकट असायचं. ते हौदात घालून माणसं दिवसभर पायांनी तुडवायची. मग मळ निघायचा, कापड घट्ट व्हायचं. हे तुडवणारा तो वॉकर. दक्षिणेकडे त्यालाच फुलर म्हणत, पश्चिमेकडे टकर. आडनावं तीन, धंदा एकच. पुढे पाणचक्क्या आल्या, तुडवायचं काम गेलं, आडनाव राहिलं."

"म्हणजे परीटच की," बेनेटकाका म्हणाले.

"साधारण तेच," मी म्हटलं.

"नुसत्या पाण्याने तेल निघतं व्हय? काय घालायचे पाण्यात?" बेनेटकाका मुद्द्याचं विचारायला कधी चुकत नसत.

मी साहेबाला विचारलं. त्याने आनंदाने उत्तर दिलं. माझी एक भुवई वर गेली असावी, कारण काका ताबडतोब म्हणाले, "औषध म्हण. काहीही असो, औषध म्हण."

"मूत," मी म्हटलं. "शिळं. गावात घरोघरी मडकी ठेवायचे आणि हे लोक सकाळी ती गोळा करत फिरायचे."

पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. बेनेटकाकांनी लावला नाही, ते सरळ मांडीवर थापा मारून हसले. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलेलं मी पाहिलं.

"कर्नल विचार," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कर्नल वॉकर."

साहेब घंगाळातून बाहेर येऊन पाय पुसत होता. "असेल की एखादा कर्नल. हजारो वॉकर आहेत. पण त्याचाही आजा हौदातच उभा होता." मग त्याने अगदी सहज विचारलं, "तुमच्याकडे हे नाव आलं कसं?"

हे मी मराठीत सांगितलं. सगळ्यांना उत्तर माहीत होतं आणि सगळे काकांकडे बघत होते. काकांनी ओल्या फरशीकडे पाहिलं, ढालीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिकडचं वेगळं. तिकडच्या धोब्याला मान असतो."

मला वाटलं, हा माणूस बुडतानाही टोपी सांभाळणार. पण या खेपेला पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं नाही. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही शब्द दिलाय."

रविवारी लाँड्री बंद असते, म्हणून सोमवारी सकाळी गेलो. काका, ताई आणि मी. लाँड्रीत जातोय म्हटल्यावर साहेबही कॅमेरा घेऊन निघाला. कापडाशी झटणारी माणसं बघायला तो अर्धं जग फिरला असता.

'न्यू बेथेल लाँड्री' बाजारपेठेच्या तोंडाशी होती. आत नाथा इस्त्री करत होता. आम्हाला बघून तो एवढं छान हसला की मला त्या क्षणी तो भावजी म्हणून पसंत पडला. शमुवेल लगबगीने उठला, साहेबाला खुर्ची दिली, शेजारच्या टपरीकडे चहाची आरोळी ठोकली.

काका उभेच राहिले. त्यांनी हात जोडले. "शमुवेल, मी तुला नाही नाही ते बोललो. आता सलोमीला पदरात घे, म्हणून सांगायला आलोय."

"अहो मास्तर, हात कशाला जोडता!" शमुवेलने त्यांचे हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आमी तर कवाच हो म्हटलं व्हतं. कर्नलसाहेबाच्या घरातली पोरगी आमच्यात येती, याच्यावर काय पायजे मानसाला? आन हे पाव्हणे तुमच्या भावकीतलेच ना? दिसतंयच की, नाक बगा ना, नाक!"

काकांची मान वर आली. ती कशी वर येते ते मला पाठ होतं. आता हा माणूस हो म्हणणार, कर्नल पुन्हा खुर्चीत बसणार आणि निदान या खेपेला त्याचा काही उपयोग होणार, असं मला वाटलं. माझी हरकत नव्हती. खोटं तर खोटं, ताईचं लग्न होत होतं.

काकांनी ताईकडे पाहिलं.

"नाही शमुवेल," ते म्हणाले. "हे भावकीतले नाहीत. कर्नल कुणी नव्हताच. पोरगी द्यायची ती खोट्यावर नको. माझा आजोबा दुष्काळात सापडला. रुळांच्या खडीवर, मेलेल्या आईच्या लुगड्याचं टोक धरून बसला होता. स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं त्याला. तिकडच्या कुणीतरी पैसे धाडले, त्याचं नाव लावलं. मी लहान होतो तेव्हा म्हातारा भाकरीचा तुकडा उशाखाली घेऊन झोपायचा. पोरं हसायची. मला लाज वाटायची त्याची."

इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खरं बोलणं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्या घरात तसं कुणी करत नसे, म्हणून मी नुसती उभी राहिले.

शमुवेलने काकांचे हात सोडले. तो कपड्यांच्या गठ्ठ्यावर हळूच बसला. कंपाउंडातल्या गप्पा बाजारापर्यंत येत नसाव्यात, किंवा आल्या तरी त्याने कानाआड केल्या असाव्यात. कर्नल त्याला फारच आवडला होता.

"म्हंजी मास्तर," तो म्हणाला, "ते ल्येकरू कुनाचं व्हतं?"

"माहीत नाही."

"गाव?"

"माहीत नाही."

"निदान वेशीच्या आतलं का भाईरचं, एवढं तरी?"

"नाही रे बाबा. काहीच माहीत नाही."

शमुवेलने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग अवघड झालं. राग नका मानू. आमी ख्रिस्ती, त्यात काय वाद न्हाय. पर आमी परीट. सात पिढ्यांचा ठाव सांगू शकतो. गोऱ्याचं रक्त म्हटलं तर चार मानसांत सांगता येतं. आन हे आसं कुनाचं कोन... माझ्या धाकट्या पोरी हायेत अजून. त्यांना कोन करील?"

जात नसते, पण परीट असतात. आणि परटांच्याही खाली कुणीतरी असावं लागतं, नाहीतर परटाला झोप कशी लागणार? कालपर्यंत काकांच्या मूर्खपणावर हसायला मजा येत होती. हा मूर्खपणा तसा नव्हता. हा शहाण्या, प्रेमळ माणसाचा हिशेबी मूर्खपणा होता आणि त्याने आधीच चहा मागवला होता.

साहेबाने मला विचारलं, "काय चाललंय? काही अडचण आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत काका त्याच्याकडे वळले. ड्रिल मास्तर स्वतः इंग्रजीत बोलले. "सर," ते म्हणाले, "ही से, वुई आर नोबडी."

साहेब गहिवरला. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आम्हीही कुणी नव्हतो, आणि मला त्याचा केवढा अभिमान आहे! भला माणूस होता. पण विमानाने येऊन, गळ्यात कॅमेरा अडकवून 'आम्ही कुणी नव्हतो' म्हणणं सोपं असतं. त्याच्या त्या कुणी नसलेल्या आजाला पोरगी नाकारून शेकडो वर्षं झाली होती. आमची आत्ता, चहा यायच्या आधी नाकारली जात होती. मी हे त्याला सांगितलं नाही. इतकं इंग्रजी बी.ए.ला शिकवत नाहीत.

ताई इतका वेळ दाराशी होती. ती आत आली आणि सरळ इस्त्रीच्या टेबलापुढे उभी राहिली.

"नाथा, तू काय म्हणतोस?"

नाथाने बापाकडे पाहिलं. मग हातातल्या शर्टाकडे. "थोडं थांबू या, सलोमी. बाबा शांत होतील. तोवर तुमच्या पणजोबांची काही माहिती निघाली, कुठले, कुणातले, तर मग त्यांनाही सांगता येईल..."

"कुणाकडे चौकशी करणार आहेस?" ताईचा आवाज चढलाही नाही. "त्याची आई उपाशी मेली, नाथा. तेव्हा तिला कुणी भाकरी द्यायला आलं नाही. जात विचारायला मात्र तू आलास, ऐंशी वर्षांनी."

नाथाचा कोळशाच्या इस्त्रीवरचा हात तसाच राहिला. बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ताई थांबली. एवढा अपमान होऊनही ती थांबली, याचा मला आजही राग येतो. इस्त्रीखालून धूर आला आणि कापूस करपल्याचा वास दुकानभर पसरला.

शमुवेल ताडकन उठला. घडल्या प्रकारात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"नाथ्या, ध्यान कुठंय तुझं?" तो खेकसला. "मामलेदारसाहेबाचा शर्ट हाय तो!"